बोरमाळ, सत्त्याऐंशी पट लहान

"हे जुनं करायचं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळहातावर लाकडाची एक पट्टी ठेवली. आगपेटीच्या काडीएवढी जाड, वीतभर लांब आणि सोललेल्या काकडीसारखी पांढरी.

"किती जुनं?"

"तीस उन्हाळे खाल्लेलं. पावसाळे मोजू नका, तिथं पाऊस फारसा नव्हताच."

मला हसू आलं. वीस वर्षं मी मिरजेत पाट्या रंगवत होतो. माझ्याकडे लोक यायचे ते जुनं नवं करून घ्यायला. गंजलेलं शटर, पोपडे आलेली दुकानाची पाटी, ट्रकची मागची फळी. नवं घेऊन येऊन जुनं करून द्या म्हणणारा हा पहिलाच माणूस.

दोन हजार पाच सालचा एप्रिल होता. गावात फ्लेक्सची मशीनं आली होती आणि माझे ब्रश डब्यात वाळत होते. बायकोला, राजमतीला, मी दिवाळीनंतर तिच्या भावाकडे सदलग्याला पाठवून दिलं होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत पत्रा तापायचा, हाताला काम नव्हतं, आणि मी दिवसभर न बोलता बसून असायचो. तिथं तिला बरं, असं मला वाटलं. तिनं पिशवी भरली आणि गेली.

अशात आठल्ये मास्तरांचं बोलावणं आलं. रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचं भलंमोठं टेबल होतं आणि टेबलावर एक अख्खा मुलूख होता. माळ, टेकड्या, ओढा, ओढ्यावरचा पूल, आणि या सगळ्यातून वळणं घेत जाणारे बोटभर रुंदीचे रूळ. सगळं त्यांनी स्वतः केलेलं, हात चालत होता तोवर. आता त्यांचा उजवा हात सतत थरथरायचा. तो ते डाव्या काखेत दाबून धरत, जणू एखादं पाखरू धरलंय.

टेबलाच्या मधोमध माळावर एक जागा मोकळी होती. तिथं पेन्सिलीनं चौकोन आखलेला होता.

"इथं स्टेशन यायचंय," ते म्हणाले. "बोरमाळ."

अमेरिकेतल्या त्यांच्या मुलानं, प्रमोदनं, एक पेटी पाठवली होती. लाकडी इमारतीचे सुटे भाग. शेकडो पांढऱ्या पट्ट्या, पातळ लाकडाच्या तयार खिडक्या, नखाएवढी पिंपं, छपराचे कागद आणि नकाशांचं एक पुस्तक. नकाशातली इमारत तिकडची होती. मास्तरांनी तिच्यावर लाल पेन्सिलीनं खुणा करून तिचं बोरमाळ केलं होतं. थरथरत्या रेघांनी.

"सगळं सत्त्याऐंशी पट लहान," ते म्हणाले. "तुमचा हात स्थिर आहे. बाकीचं मी सांगतो."

दुपारी दोन ते पाच अशी वेळ ठरली. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा असायचा. खोलीत हिरवट अंधार, वाळ्याचा वास, आणि टेबलावर एका दिव्याचा उजेड. त्या उजेडात भिंग लावून बसलं की पाच-दहा मिनिटांत बाहेरचं जग कुठंतरी विरून जायचं. मी आणि मास्तर दोघंही लहान होत होत त्या माळावर उतरायचो. कधीकधी ते बटण दाबत. छोटं इंजिन दोन डबे घेऊन निघे, टेकडीमागं जाई, पुलावरून येई, आणि त्या पेन्सिलीच्या चौकोनाशी येऊन थांबे. तिथं काहीच नसायचं. तरी ते थांबे. मास्तर घड्याळ बघत, मग बटण दाबत, आणि गाडी पुढं जाई.

काम मी शिकत गेलो. पट्ट्या आधी रंगवायच्या, मग जोडायच्या. एकदा गोंद लागला की त्या जागी शाई धरत नाही, पांढरा डाग राहतो. स्पिरिटमध्ये काळ्या शाईचे थेंब टाकून त्यात पट्ट्या बुडवल्या की त्या उन्हापावसात पडल्यासारख्या करड्या होतात. तारेच्या ब्रशनं हलकं ओढलं की लाकडाच्या रेषा उठतात. टाचणीच्या टोकानं खिळ्यांची भोकं पाडायची, प्रत्येक फळीला दोन वर, दोन खाली. पेटीतलं छप्पर मास्तरांना नको होतं. बोरमाळला पत्रा होता. मग चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद कंगव्यावर ठेवून पेन्सिलीच्या बुडानं घासला आणि पन्हाळीचा पत्रा तयार झाला. विटेची पूड आणि खरवडलेला खडू त्यावर बोटानं चोळला, की गंज.

"गंज खालच्या कडेला जास्त," मास्तर सांगत. "पाणी तिथं थांबतं." किंवा, "ही भिंत पश्चिमेची. इथला रंग आधी उडाला." किंवा, "इंजिन बरोबर इथं उभं राहायचं. वळचणीला इथं काजळी."

त्यांचा आवाज बारीक होता. ऐकायला मला वाकायला लागायचं.

एकाच छपराखाली अर्ध्या भागात स्टेशन आणि अर्ध्या भागात मास्तरांचं क्वार्टर होतं. बासष्ट ते पासष्ट अशी तीन वर्षं ते तिथं होते. आसपास गाव नव्हतं, सर्वांत जवळची वस्ती दोन कोसांवर. सकाळी एक गाडी, संध्याकाळी एक. गेले तेव्हा लग्न होऊन सहाच महिने झाले होते.

"काकूही तिथंच?" मी विचारलं.

"हो. बडोद्याची मुलगी. कॉलेजला होती. रोज वाचनालयात जाणारी." एवढं बोलून त्यांनी मला दाराची चौकट हातात दिली. "ही फार नीट दिसतेय. थोडी वाकवा."

इंदूकाकू खोलीत येत नसत. तयार होईपर्यंत बघायचं नाही असं मास्तरांनी त्यांना बजावलं होतं. चार वाजता त्या दाराबाहेरून चहा द्यायच्या, पडद्याआडून नुसता हात. एकदा मी चहा घ्यायला बाहेर गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बायको काय करते रे तुझी?"

"सदलग्याला असते. भावाकडं."

"बाळंतपणाला?"

"नाही हो. इथं काय आहे तिच्यासाठी? तिथं बरी आहे ती."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि कप परत घेतला.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत इमारत उभी राहिली. मी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'बोरमाळ' लिहिलं. तीन केसांच्या ब्रशनं, श्वास धरून. आयुष्यात रंगवलेल्या पाट्यांत ती सर्वांत लहान, आणि खरं सांगायचं तर सर्वांत चांगली.

खिडक्यांना हिरवा रंग दिला, सुकू दिला आणि चिकटपट्टी लावून खेचला, की पोपडे निघाल्यासारखं खालचं लाकूड दिसायचं. पाण्याच्या टाकीवर ओलं मीठ शिंपडून वरून रंग दिला आणि मीठ झटकलं. तिथं तिथं गंजाचे व्रण उमटले. मला ते आवडलं. मला वाटलं झालं.

"अजून," मास्तर म्हणाले.

मी काजळी वाढवली.

"अजून. क्वार्टरच्या बाजूला. खिडक्या आणखी मळकट हव्यात. आणि ही फळी निखळलेली असू दे."

"मास्तर, पुरे आता. जास्त केलं की खोटं दिसतं."

"नाही. अजून."

दोन दिवस असंच चाललं. स्टेशनची बाजू खरी वाटत होती. ऊन खाल्लेली, दमलेली, तरी उभी. क्वार्टरची बाजू मात्र एखादा माणूस तिथं कधीच राहिला नसावा अशी झाली. पेंटरच्या डोळ्याला ते खुपत होतं. मी ब्रश खाली ठेवला.

"मास्तर, हे कशासाठी करताय? मला कळलं तर नीट करता येईल."

त्यांचा हात काखेतून सुटला होता आणि टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ते म्हणाले, "हातानंतर आवाज जाणार. आत्ताच अर्धा गेलाय. जायच्या आधी मला इंदूला एक गोष्ट सांगायचीय. नुसती सांगायला बसलो तर जमत नाही. चाळीस वर्षं जमलेलं नाही." त्यांनी त्या मळकट खिडकीकडं बोट केलं. "शेकडो पुस्तकं वाचलेल्या मुलीला मी इथं नेऊन ठेवलं. तीन वर्षं. बोलायला माणूस नाही, प्यायचं पाणी गाडीबरोबर यायचं. आणि बदली झाल्यावर तिनं बोरमाळचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. एकदाही नाही. माणूस कशाबद्दल असं गप्प राहतो, सांगा. मला तिला हे दाखवायचंय आणि म्हणायचंय, मला माहीत होतं गं, तुला मी कुठं टाकलं होतं ते."

मी ब्रश उचलला आणि त्यांनी सांगितली तेवढी काजळी दिली.

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता आम्ही इमारत उचलून पेन्सिलीच्या चौकोनावर ठेवली. कडेनं माती पसरली. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि दाराकडं बघून हाक मारली. ती हाक माझ्यापर्यंतच पोचली. मग मी मोठ्यानं हाक मारली, "काकू, या. झालंय."

त्या पदराला हात पुसत आल्या. आधी त्यांना टेकड्याच दिसल्या. मग पूल. मास्तरांनी बटण दाबलं. इंजिन निघालं, टेकडीमागं गेलं, पुलावरून आलं आणि बोरमाळला थांबलं. काकूंनी चष्मा वर केला, वाकल्या, पाटी वाचली. किती तरी वेळ त्या तशाच वाकून होत्या.

"हे बोरमाळ?" त्या म्हणाल्या.

"हो. इंदू, मला तुला..."

"हे बोरमाळ नव्हे."

मास्तर थांबले.

"स्टेशन आहे. टाकी आहे, बरोबर आहे, त्या टाकीला गंजच होता. पण हे कुणाचं घर?" त्यांनी क्वार्टरवर बोट ठेवलं. "ही खिडकी अशी कधी होती? राखेनं काचा घासायची मी, दर सोमवारी. आणि पश्चिमेच्या भिंतीचा रंग उडालेला तुम्हाला दिसला कसा? तिथं माझा दुधीभोपळ्याचा वेल होता. पत्र्यावर चढवला होता. त्यानं आत गारवा राहायचा. गाडीनं पाणी यायचं त्यातलं भांडी धुतलेलं पाणी घालून वाढवला होता तो."

"तो... पहिल्या वर्षी," मास्तर म्हणाले.

"तिन्ही वर्षं. आणि इथं बाहेर बाक होता. इथं बसून मी वाचायची. सकाळच्या गाडीचे गार्ड, कुडतरकर, आठवतात? दर आठवड्याला वाचनालयाचं एक पुस्तक आणायचे मिरजेहून. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या नावानं वर्गणी भरली होती. संध्याकाळी गँगमनच्या बायका यायच्या, मी त्यांना वाचून दाखवायची. पुढं पुढं ड्रायव्हर विचारायचा, बाई, त्या पोरीचं पुढं काय झालं? गाडी दोन मिनिटं जास्त थांबायची आणि तुम्ही वहीत कारण काय लिहायचं म्हणून चिडायचात."

मास्तर म्हणाले, "मला वाटायचं तुला करमत नाही म्हणून वाचतेस."

"कोण म्हणालं?"

"तुला तिथं करमत नव्हतं."

"कोण म्हणालं, विचारतेय मी."

"तू पुन्हा कधी बोलली नाहीस त्याबद्दल."

काकू सरळ उभ्या राहिल्या. "तुम्ही तीन वर्षं बदलीचे अर्ज करत होता. बदलीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही प्लॅटफॉर्मवर पेढे वाटलेत, गँगमनना, ड्रायव्हरला, सगळ्यांना. मला वाटलं, या माणसाला इथलं काही आठवायलासुद्धा नको असेल. मग कशाला बोलू?" त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर बोट ठेवलं. "मला ती बदली नको होती हो. वेलाला कळ्या होत्या तेव्हा निघालो आपण. जाताना मी गाडीतून बघत होते, दिसेनासा होईपर्यंत."

"तुझ्यासाठी करत होतो अर्ज," मास्तर म्हणाले. इतक्या हळू, की काकूंना ऐकू गेलं नाही. त्या वाकल्या. "काय?"

"तुझ्यासाठी."

काकूंनी त्यांचा तो थरथरणारा हात धरला आणि टेबलावर दाबून ठेवला. मी खोलीबाहेर जायला वळलो तर त्या म्हणाल्या, "तू कुठं निघालास? हे पुसता येतं का?"

"पुसता येत नाही काकू. लाकडानं शाई प्यायलीय. वरून करता येईल."

"मग बस."

पुढचे आठ दिवस आम्ही तिघं बसलो. मी मळकट खिडक्यांवर पातळ हिरवा रंग चढवला, काचेच्या जागी नखपॉलिशचा एक थेंब दिला, ती चकचकली. निखळलेली फळी तशीच राहू दिली, कारण काकू म्हणाल्या ती होतीच निखळलेली, त्यातून साळुंकी आत यायची. वेल काकूंनी स्वतः केला. हिरव्या दोऱ्याला डिंक लावून कसुरी मेथी चुरून लावली. मी चिमट्यानं तो पत्र्यावर चढवत होतो आणि त्या सांगत होत्या, "तिथं नाही, अजून डावीकडं. आता खाली सोड." मास्तर मधूनच काही पुटपुटत, काकू कान नेत आणि म्हणत, "छे, तुम्हाला काय आठवतंय." आणि मग थोडं थांबून, "हां. होतं तसं." विटेच्या पुडीचा गंज वेलाच्या पानांखालून दिसत होता. मला वाटतं, म्हणूनच ते घर खरं दिसू लागलं.

मास्तरांचा आवाज त्या दिवाळीनंतर गेला. त्यानंतरही ते चार वर्षं होते. काकू रोज दुपारी त्या खोलीत खुर्ची टाकून वाचत बसायच्या, मोठ्यानं. मी गेलो की दारातूनच आवाज ऐकू यायचा आणि त्याबरोबर छोट्या गाडीची घरघर. पण ते पुढचं.

शेवटच्या दिवशी, वेल पुरा झाल्यावर, मी सायकल घेतली तेव्हा पाच वाजले होते. घरी आलो. दोन खोल्यांत बसलो. राजमती गेल्याला सहा महिने झाले होते. तिथं तिला बरं आहे, हे मी गावभर सांगत होतो. काकूंना सांगितलं, दुकानदारांना सांगितलं, माझ्या आईलाही सांगितलं. राजमतीनं मला ते कधी सांगितलं नव्हतं.

सकाळच्या पहिल्या बसनं मी सदलग्याला गेलो. मेव्हण्याच्या अंगणात ती शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पुन्हा बसली. तिच्या वहिनी आत गेल्या. मी समोर उकिडवा बसलो आणि एवढ्या लांब जे विचारायला आलो होतो ते विचारलं.

"मिरजेत तुला बरं वाटत होतं काय?"

तिनं एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. मला वाटलं, आता ती काकूंसारखं काहीतरी सांगणार. मला माहीत नसलेला एखादा वेल, एखादा बाक.

"न्हाई," ती म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"पत्रा तापायचा. पाणी तिसऱ्या गल्लीतनं आणायला लागायचं. तुम्ही दिवसदिवस तोंड उघडत नव्हता. बरं कुठलं वाटायला?"

"म्हणून तर तुला इकडं पाठवलं."

"इकडं पाठवा म्हटलं होतं मी?"

"नाही."

"मग?"

अंगणात ऊन चढत होतं. "चुकलं माझं," मी म्हणालो. "विचारायला पाहिजे होतं."

"आता विचारलंय न्हवं?" तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. "शेंगा फोडा, आणि ऐका."

आणि ती बोलायला लागली. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. मी शेंगा फोडत होतो. मेव्हणा शेतातून येऊन जेवून परत गेला, सावली भिंतीवरून अंगणात आली, टरफलांचा ढीग गुडघ्याला लागला. चारच्या बसनं आम्ही दोघं मिरजेला निघालो, तेव्हा तिचं निम्मंसुद्धा सांगून झालं नव्हतं.